कपाट बाजूला सरकवण्याची सिद्धता

सरांनी आयुष्यभर एकच प्रश्न शिकवला: मोजक्याच हालचाली हाताशी असतील, तर वस्तू हवी तिथे नेता येते का? गाडी आडवी सरकत नाही, पण पुढेमागे करत, चाकं वळवत चिंचोळ्या जागेत बसवता येते, हे ते भूमितीने सिद्ध करून दाखवत. स्वतः मात्र गाडी चालवायला कधी शिकले नाहीत.

निवृत्ती झाली, बायको गेली, आणि ऐकायला भिंती उरल्या. त्याही कंटाळल्या असाव्यात. एकीचे पोपडे निघू लागले होते. अशात मुलीचा फोन आला. शनिवारी कामासाठी येते आहे, आतली खोली मोकळी झाली तर आठ दिवस घरीच राहीन, नाहीतर हॉटेल आहेच.

त्या खोलीचं दार अडवून बायकोचं लोखंडी कपाट उभं होतं. शेजारचे सुतारकाका म्हणाले, चौघं मिळून पाच मिनिटांत हलवू. सरांनी त्यांना हसून वाटेला लावलं. समोर पलंग असल्यामुळे मोठा फेरा शक्य नव्हता. पण कपाट डाव्या पायावर जरा फिरवायचं, मग उजव्या, मग दोन्ही फेरे त्याच क्रमाने उलटे घ्यायचे, की ते दोन बोटं बाजूला सरकतं. कागदावर सगळं चोख होतं. कागदाला कंबर नसते.

शुक्रवारी सकाळभर खपून कपाट अर्धं सरकवलं. दुपारी चहा पिऊन आले आणि चुकून कपाटाच्या उजव्या पायापासून सुरुवात केली. क्रम उलटला की सरकणंही उलटतं, हे त्यांनी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. संध्याकाळपर्यंत सकाळची सगळी मेहनत परत दारात येऊन उभी राहिली.

शनिवारी मुलीने दारातलं कपाट पाहिलं, मग घामाघूम बाप पाहिला.

"बाबा, काकांना हाक मारायची ना."

"दोन हालचाली पुरतात गं. सिद्ध करता येतं ते."

"पण कुणाला दाखवायचं होतं?"

सर चहा टाकायला उठले. चहा पिऊन, कंबर सांभाळा असं बजावून ती बॅग न उघडताच हॉटेलवर गेली.

सोमवारी कपाट भिंतीला लागलं. सरांनी लगेच फोन केला.

"आता इथे सामान लावलंय, बाबा. पुढच्या वेळी नक्की."

बरं म्हणून सरांनी फोन ठेवला. आतल्या खाटेवर धुतलेली चादर घातली, उशी ठेवली, आणि खोलीचं दार उघडं दिसेल अशा बेताने खुर्ची ओढून बसले.