वॉशरकाकांनी नळ बंद केले

कॉलनीत त्यांना खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. नळ गळो, टाकी वाहो, नाहीतर गीझर रुसो, यांचं निदान ठरलेलं: "वॉशर गेलाय!" म्हणून ते वॉशरकाका. हाताला यश मोठं. पाइपाला नुसता कान लावून भिंतीआड कुठं पाझरतंय ते सांगायचे. पण गळका नळ दिसला की या माणसाचं भान सुटायचं. मग तो आपला असो, परक्याचा असो.

लग्नानंतर दोघं पहिल्यांदा फिरायला निघाली, तर बसस्टँडवरचा नळ वाहताना दिसला. "दोन मिनिटांत आलो" म्हणून गडी खाली उतरला. काकू शोधायला उतरल्या आणि बस गेली, सामानासकट. पुढची चौतीस वर्षं म्हणजे त्याच सहलीच्या आवृत्त्या. साडी नेसून नाटकाला निघावं, तर जिन्यातच कुणीतरी गाठायचं. "उद्या नेतो हं," काका म्हणायचे. तो उद्या कधी उजाडला नाही.

अशा माणसाला भाचीनं परदेशात धाडलं. तिनं एक घर शोधलं होतं. मालकिणीला रोज तीन तास मदत करायची, राहणं-जेवण फुकट, उरलेला दिवस भटकायचं.

"म्हणजे तिथंही पाना घेऊनच?" काकूंनी कपाळाला हात लावला. "येते मी. पण मला बर्फ बघायचाय. फ्रीजमधला नव्हे, आभाळातून पडलेला. मुठीत धरायचाय आणि तुम्ही शेजारी उभं राहायचंय. बाकी काही नाही दाखवलंत तरी चालेल."

"शब्द दिला!" काका म्हणाले.

घरमालकीण पासष्टीची, उंच, एकटी. लाकडी जमिनीच्या दुमजली घरात खोल्या भाड्यानं द्यायची. ती फोनमध्ये बोलायची आणि फोन ते बातम्या दिल्यासारखं मराठीत सांगायचा. काका तिला ताई म्हणत. दहा दिवस झकास गेले. सकाळी काका तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करायचे, काकू आणि ताई चादरींच्या घड्या घालायच्या. दुपारी पूल बघ, बाजार बघ, बाग बघ. संग्रहालयात मात्र काका तासभर गायब. सापडले ते संडासात, फ्लशची टाकी न्याहाळताना.

गावात थंडी कोरडी होती, बर्फ फक्त समोरच्या डोंगरावर. वर जायला रोपवे. तो शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलेला, तिकिटं ताईंनी भेट दिलेली. दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान.

रोपवेच्या आदल्या दुपारी ताई बहिणीकडे मुक्कामाला गेल्या. थंडी एकदम कडक झाली होती. काकांच्या लक्षात आलं, घरातल्या पाचही नळांना बारीक धार लागलीय.

"बघ, बिचारीला सांगायची लाज वाटली असणार! जाताजाता एवढं करून जाऊ."

"ताईंना विचारलंत का?"

"गळक्या नळाबद्दल काय विचारायचं?"

चावी नुसती पिळून बघायचंही भान कुठं होतं! संध्याकाळपर्यंत पाचही नळांचे वॉशर बदलून झाले. "आता थेंब पडला तर मिशी उतरवीन!" काका म्हणाले.

मिशी वाचली. सकाळी खरंच थेंब पडला नाही. कुठलाच नळ काही देईना. काका सिंकखाली वाकले आणि मटकन खाली बसले. पाइपाच्या वळणावरचा एल्बो उभा चिरला होता आणि चिरेतून बर्फ डोकावत होता.

नऊला ताई आल्या. त्यांनी पाचही चाव्या फिरवून पाहिल्या, डोळे मिटले आणि फोनमध्ये काहीतरी बोलल्या. फोन गंभीरपणे म्हणाला, "धार मी मुद्दाम सोडली होती. पाइप बाहेरच्या भिंतीतून येतात. वाहतं पाणी गोठत नाही."

काकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. चौतीस वर्षं उष्ण गावात नळ दुरुस्त केलेले, पाणी गोठून पाइप फोडतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. गावातला प्लंबर उद्याशिवाय यायचा नाही. एल्बो बदलायचा, आणि मग गरम फडकी लावून इंचाइंचानं पाइप सोडवायचा. लक्ष दिलं नाही तर आणखी कुठं फुटून लाकडी जमिनीवर पाणीच पाणी.

"तुम्ही जा," ताईंचा फोन म्हणाला, "मी बादली लावते."

"छे छे! केलंय मी, निस्तरणार मी."

मागे काकू उभ्या होत्या. दोन स्वेटर, कानटोपी, वर साडीचा पदर खोचलेला. रोपवेचा वर जाणारा शेवटचा पाळणा दुपारी एकला.

"अगं..." काकांनी तोंड उघडलं. चौतीस वर्षं तयार असलेलं वाक्य आज जिभेवर येईना. उद्या तर विमान होतं.

काकूंचे डोळे भरले. "दिलेला शब्द गेला का वॉशरसारखा?" त्या म्हणाल्या. मग नाक पुसलं आणि हात पुढं केला. "तिकीट द्या."

काकांनी खिशातून दोन्ही काढली.

"एकच."

ताईंनी कागदावर बसचा नंबर लिहून दिला आणि काकू गेल्या. ज्या बाईनं आजवर शेजारच्या गावालाही एकटीनं प्रवास केला नव्हता, ती परक्या मुलखात डोंगर चढायला गेली. काकांचे हात पाइपावर आणि जीव दारात. ताई फडकी गरम करून देत होत्या. अडीचला नळ खाकरला, थुंकला आणि वाहायला लागला. ताईंनी टाळ्या वाजवल्या. काकांनी घड्याळ पाहिलं.

चार वाजले, पाच वाजले. काका घरातल्या सपातांतच बसथांब्यावर जाऊन उभे. हरवली असेल, पडली असेल, मन चिंती ते वैरी न चिंती!

साडेपाचच्या बसमधून काकू उतरल्या त्या हसत. आतून तीन अनोळखी बायका त्यांना हात हलवत होत्या. काकूंचं नाक लालबुंद, कानटोपी तिरकी.

"धरलास बर्फ?" काकांचा आवाज चिरकला.

"धरला, खाल्ला, त्या बायकांच्या अंगावर फेकला! मग एका दगडावर बसून राहिले. कुणी चल म्हणणारं नव्हतं. वाटेल तेवढा वेळ बसले हो."

काका थोडे घुटमळले. "माझी आठवण आली असेल ना?"

काकूंनी विचार केला. "खोटं कशाला बोलू? नाही आली. आयुष्यात पहिल्यांदाच नाही आली."

काकांच्या काळजात चर्र झालं. आणि गंमत म्हणजे, तिचा हा असा चेहरा आपण आजवर पाहिलाच नव्हता, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं. फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं. ती चालत राहिली, हे दोन पावलं मागं.

"ऐक ना," ते हळूच म्हणाले. "पुढच्या वेळी जाशील तेव्हा... मला नेशील?"

काकू थांबल्या. त्यांनी नवऱ्याला पायांपासून मिशीपर्यंत नीट पाहून घेतलं.

"बघू," त्या म्हणाल्या. "आधी घरी चला, पाय गारठलेत तुमचे."