विकायची नसलेली कोंबडी

काकूंच्या कोंबड्यांना चांगले दिवस आले आणि काकूंचे मात्र तिथूनच बिघडले.

इतकी वर्षं दोन-चार कोंबड्या टोपलीत घालून त्या बाजारात बसायच्या. वजन हाताच्या अंदाजानं, भाव गिऱ्हाइकाच्या मर्जीनं. ऊन चढलं की कोंबड्या माना टाकायच्या आणि काकू मिळेल त्या भावाला देऊन मोकळ्या व्हायच्या. मग शेजाऱ्यांच्या सुनेनं आसपासच्या बायका एकत्र केल्या. सगळ्यांच्या कोंबड्यांना एकदमच लस, सगळ्यांचा मिळून एक टेम्पो, काट्यावर वजन आणि माल थेट खानावळींना. भाव आधीच ठरलेला.

"काकू, आता घरी पाय पसरून बसा," सून म्हणाली.

पण बसायचं कुणाजवळ? काका जाऊन काळ लोटला होता. लेक लांब दिलेली, तिचा फोन तिला सवड झाली तर. टेम्पोवाला पिंजरे चढवायचा तोही गाडी चालू ठेवूनच. बाजारात निदान भांडायला तरी माणसं होती. काकूंना घर खायला उठलं.

मग त्यांनी शक्कल लढवली. एक तांबडी कोंबडी मागं ठेवली आणि बाजाराच्या दिवशी तिच्या पायाला चिंधी बांधून आपल्या जुन्या जागी, अंडीवालीच्या शेजारी, जाऊन बसल्या. भाव असा सांगितला की ऐकणाऱ्यानं कपाळाला हात लावावा.

"मावशी, कोंबडी विकताय की म्हैस?"

"म्हशीला एवढी पिसं असतात का रे?"

कुणी छातीवरची पिसं फुंकून मांस बघे, कुणी म्हातारी म्हणून नाक मुरडे, कुणी तणतणत जाई आणि पुन्हा येई. काकू तसूभर हलत नसत. दिवस कसा सरला ते कळायचंही नाही. संध्याकाळी काकू आणि तांबडी, दोघी घरी परत. अंडीवालीला हे सोंग केव्हाच उमगलं होतं, पण ती बिचारी काही बोलायची नाही. असे कितीतरी बाजार गेले.

एकदा सकाळी काकू नुकत्या कुठे टेकल्या होत्या, तर एक बाई घाईघाईनं आल्या. त्यांनी भाव विचारला. काकूंनी सांगितला आणि पुढच्या घासाघिशीसाठी सावरून बसल्या. बाईंनी सरळ पर्स उघडली.

"अहो, बघा तरी नीट," काकू गडबडल्या. "म्हातारी आहे. शिजता शिजायची नाही."

"चालेल."

"मग थोडं कमी करू का?"

"नको हो, उशीर होतोय मला." नोटा काकूंच्या हातात कोंबून, तांबडीला काखेत मारून बाई गेल्यासुद्धा.

बाजार अजून भरत होता. काकू उठल्या. त्यांना इतकं एकटं घरातही कधी वाटलं नव्हतं.

"बसा की काकू," अंडीवाली म्हणाली. "एवढ्यात कुठं निघालात?"

"नुसतं कसं बसू गं?" काकू म्हणाल्या. "कुणी विचारलं, काय विकताय, तर काय सांगू?"