पाचव्या शीलाचा खोकला

आकाशनं पहिल्यांदा लोकांना नाचवलं ते गोवंडीत, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत, भाड्याच्या स्पीकरवर. तेव्हा तो बारावी नापास होता, आणि त्याची आई नंदाबाई, महापालिका शाळेतल्या शिक्षिका, तरीही मिरवणुकीत मान ताठ करून चालल्या होत्या. पुढे तो लग्नांत वाजवू लागला, मग अंधेरीतल्या एका नाइटक्लबात, आणि बत्तिसाव्या वर्षी त्याच क्लबाचा मालक झाला. गिऱ्हाईकं ढोसून आडवी होईपर्यंत नाचत. मालक कोकम सरबत घेऊन दारापाशी उभा. दारूच्या थेंबाला कधी शिवला नाही.

विहारात नंदाबाई सांगायच्या, पोरगं साउंडमध्ये आहे.

वंदनेत पंचशील म्हणताना चौथं, खोटं न बोलण्याचं, त्या खणखणीत म्हणायच्या. पाचवं दारूपासून दूर राहण्याचं. क्लब झाल्यापासून तिथं त्यांना बरोब्बर खोकला यायचा. सहा वर्षं. शेजारच्या धाकूबाई दर वेळी पदराची गाठ सोडून ज्येष्ठमधाची कांडी पुढे करायच्या.

यंदा बुद्धपौर्णिमेला पंचशील सांगायचा मान नंदाबाईंकडे आला. आपण माइकवर एकेक ओळ म्हणायची, मागून तीनशे माणसं म्हणणार. आता खोकणार कुठं? त्यांनी घरी आकाशवर राग काढला.

"मी पितो का आई?"

"पाजतोस ना रे."

तो म्हणाला, विहारात साउंड माझाच आहे, बघतो काय ते.

त्यानं बघितलं. चौथं शील झालं, नंदाबाईंनी श्वास घेतला आणि माइक गेला. लोकांनी वायरीकडे पाहिलं. साउंडच्या मिक्सरवर एक बोट ठेवून आकाश छताचे पंखे मोजत उभा होता.

तीस वर्षं मागच्या बाकावरची लबाडी पकडणाऱ्या बाई त्या. पोरगं आपल्याला वाचवतंय, हे लगेच कळलं. म्हणजे आपल्याला त्याची लाज वाटते, हे त्याला ठाऊक आहे. सहा वर्षं ठाऊक आहे.

त्यांनी माइक बाजूला सारला आणि शाळेतला आवाज लावून पाचवं शील असं म्हटलं की बाहेरचे रिक्षावाले दचकले.

मग खिरीच्या रांगेत त्यांनी धाकूबाईंना सांगून टाकलं, "साउंडबिउंड काही नाही. नाइटक्लब आहे त्याचा. दारू विकतो."

धाकूबाई खीर फुंकत होत्या. "ठाऊक हाय गं. माझा नातू तिथंच बाउन्सर नाय का."

"मग सहा वर्षं ज्येष्ठमध कशाला चारलंत?"

"खोकला यायचा ना तुला."

नंदाबाईंनी दुसरी वाटी भरून घेतली आणि सगळ्यांच्या देखत मिक्सरपाशी नेली.

"घ्या मालक," त्या म्हणाल्या. "आणि पुन्हा माझा आवाज बंद केलास तर बघ."