काट्याआधीचं पाणी

माझा धाकटा भाऊ कबड्डी खेळायचा, आणि मी सांगतो, त्या काळात सोलापुरात त्याच्यासारखा चढाईला जाणारा गडी दुसरा नव्हता. भाऊ म्हणून सांगत नाही. भाऊ म्हणून तर मी त्याला रोज शिव्याच घालायचो. मागावर बसवलं की दहा मिनिटांत पसार. शोधायला जावं तर हा मैदानात, अंगाला माती, गुडघे फुटलेले, आणि वर दात काढून मलाच विचारणार, "काय अण्णा, जेवलास का?"

आमचं घर विणकराचं. घरात तेलुगू, दारात मराठी. पुढच्या खोलीत चादरींचे दोन माग, मागच्या खोलीत आम्ही सगळे. दिवसभर खडखडाट आणि सुताची धूळ. त्या धुळीनं वडिलांची छाती खाल्ली होती. खोकायला लागले की थांबायचेच नाहीत. आईचं एकच म्हणणं, थोरला बसलाय मागावर तर बसू दे, पण धाकट्याला ह्यातून बाहेर काढा.

बाहेर पडायची वाट कबड्डीतूनच होती. सत्तरच्या पुढची ती वर्षं. मिलचे स्वतःचे संघ असायचे. चांगला गडी दिसला की मिलवाले त्याला आधी बदली कामगार म्हणून घ्यायचे आणि पुढं कायम करायचे. त्या उन्हाळ्यात शहरात वजनी गटाचे सामने भरले. एका मिलच्या संघाचा माणूस आमच्या वस्तादांना म्हणाला, "ह्या पोराचा खेळ बघतो. पसंत पडला तर जूनपासून कापडाच्या गोदामात घेतो." गोदामात, म्हणजे धूळ नाही. आईनं त्याच दिवशी देवापुढं नारळ ठेवला.

वजनी गटात सामन्याआधी प्रत्येक गड्याला काट्यावर उभं करायचे. वजन ठरल्यापेक्षा जास्त भरलं की तो बाहेर. आमचा भाऊ दीड किलो जास्त! अठरा वर्षांचं पोर, वजन वाढणारच की. पण हे तेव्हा कुणाला सुचतंय? बाहेरगावची पोरं अशा वेळी उपास करायची, चिंच चघळून थुंकत बसायची. आमच्या भागात मात्र चादर. अंगाभोवती जाड चादर गुंडाळायची, वरून सुतळी बांधायची आणि भर उन्हात पळायचं. घाम गेला की वजन गेलं. चादरी विणणाऱ्यांच्या पोरांना चादरीचा काय तोटा! वस्तादांनी पोरपणी हेच केलेलं, त्यांच्या वस्तादांनीही. पाणी मात्र काटा झाल्यावरच.

काटा चारला होता. दीडला मीच त्याला चादर बांधली. आदल्या दिवशी माझ्या मागावरून दोन उतरल्या होत्या, एक पातळ, एक जाड. मी जाड निवडली. कुणी सांगितलं नव्हतं, माझी मीच निवडली, आणि सुतळीची गाठसुद्धा दोनदा ओढून बघितली.

मी सायकलवर, तो बाजूनं पळत. वैशाखातलं ऊन, रस्त्यावर कुत्रं नाही.

"अण्णा, घोटभर दे की."

"काट्यानंतर घागरभर पी."

"जीभ टाळूला चिकटायली."

"मग बोलू नकोस. गप पळ."

असं म्हणून मी हसलो होतो. माझ्या सायकलच्या हँडलला पाण्याची बाटली लटकत होती, काट्यानंतर द्यायची म्हणून भरून आणलेली. दोन तास ती त्याच्या डोळ्यांपुढं हिंदकळत होती.

शेवटच्या फेरीला तो म्हणाला, "अण्णा, घाम यायचा थांबला बघ." मला आनंद झाला. वाटलं, फाजील पाणी संपलं, काम फत्ते. हे आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

भुसार दुकानातून आणलेल्या काट्यावर तो बरोबर बसला. गुंजभरही जास्त नाही. वस्तादांनी माझी पाठ थोपटली. भाऊ पाणी प्याला आणि सगळं ओकला. आम्ही म्हणालो, उन्हानं होतं असं.

पहिल्या चढाईत त्यानं दोन गडी मारले. दुसरीत तिघांच्या अंगावरून मध्यरेषेला हात लावला. मिलचा माणूस खुर्चीतून उठून उभा राहिला, मी बघितलं. तिसऱ्या चढाईला "कबड्डी, कबड्डी" म्हणता म्हणता त्याचा आवाज मधेच चिरकला. लोक ओरडले, "दम तुटला, दम तुटला!" तो समोरच्या मैदानात जागच्या जागी कोसळला. कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

"ऊठ की बे, नाटकं काय करतोस?" हे ओरडणारा मीच.

इस्पितळात त्याला लघवी झाली ती काळ्या चहासारखी. डॉक्टरांनी विचारलं, काय केलं होतं. चादरीचं ऐकल्यावर ते म्हणाले, "माणसं आहात का कोण? कुणी बांधली?" मी वस्तादांकडं बघितलं, वस्तादांनी माझ्याकडं.

तो वाचला, पण मूत्रपिंडं कायमची अधू झाली. पायऱ्या चढला तरी धाप लागायची, कसली आलीय कबड्डी! मिलचा माणूस भला होता, घरी आला. पण गोदामात गठ्ठे उचलावे लागतात. भाऊच म्हणाला, "अण्णाला घ्या की. घरातली जागा घरात राहू दे." आणि मी गेलो. लाज वाटली, तरी गेलो. तो माझ्या मागावर बसला, त्याच धुळीत, जमेल तसा. मी मिलमधून आलो की हातातलं काम टाकून आधी मला तांब्याभर पाणी आणून द्यायचा. एका शब्दानं कधी बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

अशी चार वर्षं गेली. मग त्याच्या पायांना सूज आली, तोंडही सुजलं. डॉक्टरांनी बजावलं, दिवसाला एक पेला पाणी, वर थेंब नको, नाहीतर छातीत भरेल. उन्हाळाच होता. दुपारी मी उशाशी बसलो होतो.

"अण्णा, घोटभर दे की."

"नको रे. डॉक्टर नको म्हणालेत."

त्यानं माझ्याकडं बघितलं. सुजलेल्या तोंडानं हसला तो, अगदी पूर्वीसारखे दात काढून.

"काय अण्णा, उद्या काटा हाय काय?"

माझ्या हातात तांब्या होता. मी उठलो आणि तो आत चुलीपाशी ठेवून आलो.

तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याच्या तोंडात पाणी घालायला आधी मलाच पुढं बोलावलं. तेव्हा कुणी नको म्हणालं नाही.