मागून चालायचं, बोलायचं नाही

जगातली कुठलीही विद्या दुसऱ्याच्या मागून चालून शिकता येते, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी एकच पाहिला: परळच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला अर्थशास्त्र शिकवणारे आमचे सर. पुस्तक त्यांनी जेमतेम अर्धं शिकवलं. त्याऐवजी प्रत्येकाला एखाद्या कामकरी माणसाच्या मागे दिवसभर सोडायचे. त्याची परवानगी घ्यायची, मागून चालायचं, बोलायचं नाही, मदत तर मुळीच नाही. "मदत केलीत की लक्ष स्वतःच्या पुण्याकडे जातं!" म्हणायचे. स्वतः मासळीबाजारात कोळणीचा धंदा बघत असे रमायचे, की बायकोने सांगितलेले बोंबील राहूनच जायचे.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. लालबागेत कुणी मुकाट मागून चालला, की तो साध्या कपड्यातला पोलीसच! पोस्टमनमागे फिरणाऱ्या आमच्या एका वर्गमित्राला लोकांनी धरून जिन्याखाली बसवलं. सर धावत सोडवायला गेले, तर त्यांनाही शेजारी बसवलं. पोस्टमनने येऊन सांगितलं तेव्हा दोघे सुटले. तेवढ्यात सरांनी तिथल्या पापडवालीचा सगळा धंदा समजून घेतला होता. धन्य तो माणूस!

मला त्यांनी एका नर्सबाईंमागे धाडलं आणि मी घरी येऊन जाहीर केलं, मी नर्स होणार. झालं! आई नसलेली पोर, गावाकडचं स्थळ चालून आलेलं. गिरणीतून बाबा थेट कॉलेजात. "मास्तर, चेडवाक शिकूक धाडलंय, भटकूक नाय. उद्यापासून ती येवची नाय."

माझं धाबं दणाणलं. सर मात्र वाद घालीचनात. "नाव खुशाल काढा. त्याआधी एक दिवस तिच्या मागून चाला. बोलायचं नाही, मदतही करायची नाही."

बाबा हट्टी. सुट्टी टाकून पहाटेच माझ्या मागे नळाच्या रांगेत उभे. भरलेला हंडा उचलताना त्यांचा हात पुढे आला आणि अट आठवून मागे गेला. मग माझ्या भाकऱ्या, धाकटीच्या वेण्या, कॉलेज, परतल्यावर धुणं, जिन्यातल्या दिव्याखाली अभ्यास. गिरणीच्या पाळ्या आणि झोप यांत त्यांनी हे कधी पाहिलंच नव्हतं. शेवटी म्हणाले, "माका म्हायतीच नाय होता गो." दुसऱ्या दिवसापासून पाणी तेच भरू लागले. चाळ हसली. हसू दे.

कॉलेजातलं नाव राहिलं. पुढे मी नर्स झाले. पांढरा पोशाख घालून पहिल्यांदा निघाले तेव्हा बाबा म्हणाले, "आधी मास्तरांका दाखवून ये, मगे कामार जा." सर नोकरी सोडून केव्हाच गावी गेले होते, पण माझ्याच्याने बाबांना ते सांगवेना. मी गेले, सरांच्या खोलीच्या कुलूप लावलेल्या दारासमोर जरा वेळ उभी राहिले, आणि मग ड्युटीवर गेले.