पुस्तक उंबरा ओलांडणार नाही

कळंबोलीत आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक खिडकी होती. तिच्यातून आत बघितलं की भिंतभर पुस्तकं दिसायची. तुर्भ्याच्या एका कारखान्यातल्या ऑफिसातून मी नुकतीच रिटायर झाले होते, घरात एकटी. संध्याकाळी फेरी मारताना त्या खिडकीशी पाय थांबायचे. मान वाकडी करून पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचायची आणि पुढे जायचं. एकदा आतून आवाज आला, "काय पाहिजे?"

"काही नाही. पुस्तकं बघतेय."

"बघा. पण मागायचं नाही. माझं पुस्तक उंबरा ओलांडत नाही."

माझ्या डोक्यात सणकच गेली. मागितलं होतं कोणी? म्हटलं, "माझ्या घरी दोन कपाटं भरून आहेत. तुमच्यावाचून माझं काही अडलेलं नाही!"

"असं होय? मग या की आत. इथं बसून वाचा."

अशी आमची ओळख. आधी भांडण, मग चहा.

पुढे मी त्यांना दादाच म्हणायला लागले. दादा लोखंड बाजारात वजनकाट्यावर नोकरी केलेले, मूळचे मराठवाड्यातले. पुस्तकांचे रॅकसुद्धा बाजारातलेच लोखंडी अँगल वेल्डिंग करून बनवलेले. लाकडाला वाळवी लागते म्हणायचे. त्यांच्याकडे आत्मचरित्रं, इतिहास आणि जाडजूड कादंबऱ्या. माझ्याकडे रहस्यकथा आणि प्रवासवर्णनं. एकदा बायकोला, म्हणजे वहिनींना घेऊन माझ्याकडे आले, कपाटापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, यातली निम्मी तर खून कोणी केला ते कळलं की रद्दी."

"आणि तुमच्या निम्म्यांत काही घडतच नाही. नुसती माणसं बोलत बसतात."

वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. पुस्तकांच्या गप्पांत त्या कधी पडत नसत. मी गेले की चहा ठेवायच्या आणि आत भाजी निवडत बसायच्या.

मग शुगरने दादांचे डोळे नेले. एका संध्याकाळी गेले तर पुस्तक मांडीवर उलटं धरून बसले होते. मी ते हातातून काढून घेतलं आणि वाचायला लागले. एका घरातल्या तीन पिढ्यांची कादंबरी, दोन भागांतली. त्यातली धाकटी सून एक दिवस घर सोडून निघून जाते, आणि ती परत येते की नाही यावर सगळ्या घराचा जीव टांगलेला. दादांना ती जवळजवळ पाठ होती. मी कधी वाचली नव्हती.

"शेवट सांगणार नाही हां," ते म्हणाले. "तुम्हाला मेली शेवटाचीच घाई."

रोज संध्याकाळी वाचन चालायचं. पहिला भाग संपला, दुसरा लागला, आणि दादांना एक खोड लागली. मी नवं प्रकरण उघडलं की म्हणायचे, "कालचं परत वाचा ताई. मधेच डोळा लागला होता." डोळाबिळा काही लागलेला नसायचा. ऐकताना त्यांच्या पायाचा अंगठा सारखा हलायचा, तो मला दिसायचा ना! मी वैतागायचे.

"अहो, अशानं हे पुस्तक आपल्या दोघांना पुरून उरेल."

"उरू दे की."

किडन्या गेल्या, हॉस्पिटलच्या खेपा सुरू झाल्या, आणि थोडीच प्रकरणं बाकी असताना दादा गेले. मी घरी येऊन दार लावून रडले. माझा सख्खा भाऊ गेला तेव्हाही इतकी रडले नव्हते, खरं तेच सांगते.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम सोसायटीच्या मोकळ्या जागेत मांडव घालून झाला. बुद्धवंदना झाली, चार माणसं बोलली. मग त्यांच्या मुलाने माईक घेतला. "बाबांनी आयुष्यभर पुस्तकं जमवली. आलेल्या प्रत्येकाने त्यांची आठवण म्हणून एकेक घेऊन जावं." हार-फुलांपेक्षा पुस्तक द्यावं ही त्यांच्यातली रीत, आणि रीत चांगलीच आहे. पण ज्या माणसाचं पुस्तक उंबरा ओलांडत नव्हतं, त्याची पुस्तकं खोकी भरभरून बाहेर येत होती. इतिहासाचा एक भाग दिघ्याला गेला, दुसरा गावाकडच्या पाहुण्यांच्या पिशवीत. बाजारातल्या एका ट्रक ड्रायव्हरने मिळालेलं पुस्तक कपाळाला लावलं, तेव्हा मला राग धरवेना आणि रडूही आवरेना.

मला फक्त तो दुसरा भाग हवा होता. पण मरण झालेल्या घरात हात पसरायचा कसा? तेवढ्यात मुलगाच माझ्यापुढे आला. "मावशी, तुम्ही बाबांना हेच वाचून दाखवत होता ना? मुद्दाम बाजूला ठेवलं होतं."

तीच कादंबरी. भाग पहिला.

"बरं बाळा," एवढंच म्हटलं. आतून मात्र जळफळाट. अरे, वाचणाऱ्या माणसाचा मुलगा तू, वर भाग कितवा लिहिलाय एवढं बघता येऊ नये? मांडवातल्या प्रत्येकाच्या हाताकडे बघत बसले, दुसरा भाग काही दिसला नाही.

त्यानंतर मी फेरीचा रस्ताच बदलला. ग्रंथालयात विचारलं, तर म्हणाले, फार जुनी आवृत्ती, आता मिळत नाही. ती सून परत आली की नाही ते सांगू शकणारा माझ्या ओळखीतला एकच माणूस होता, आणि तोच नव्हता.

बऱ्याच दिवसांनी वहिनींचा फोन आला. "ताई, तुमी येणंच सोडलंत."

"येते हो, जमत नाही."

"आज या. चहा ठेवते."

गेले. लोखंडी रॅकवर आता तांदळाचे डबे होते. बघवेना. वहिनी आत गेल्या आणि कपाटातल्या साड्यांच्या घडीतून काढून एक पुस्तक माझ्यापुढे धरलं. भाग दुसरा.

"अहो वहिनी, मला वाटलं वाटून टाकलं!"

"वाटायच्या आदीच मी काढून ठेवलं. पोराला बी सांगितलं नाही."

"मग मला द्यायचं होतंत ना! माझा इकडे जीव..."

"दिलं असतं तर घरी बसून संपवलं असतंत. मग इथं कशाला आला असता?" त्यांनी पदराने डोळे पुसले. "रोज येवढा वेळ कुणी भाजी निवडतं का, ताई? मी आतून सगळं ऐकलंय. ती सून येती का नाही, मला बी कळायचंय. पण पुस्तक उंबरा ओलांडणार नाही. इथंच बसून वाचा."

मी माझ्या नेहमीच्या जागी बसले. वहिनी पहिल्यांदाच बाहेरच्या खोलीत, दादांच्या खुर्चीवर बसल्या. खूण होती तिथून वाचायला लागले. दोनदा थांबून पाणी प्याले, कसंबसं प्रकरण संपवलं आणि पुढचं काढायला पान उलटलं.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे टक्क उघडे होते आणि काठोकाठ भरलेले. "हेच परत वाचा ताई. मधेच डोळा लागला होता."