ताईने पास केलेलं वाक्य

दूरसंचार खात्याच्या मंत्र्यांची भाषणं तो लिहायचा. कचेरीत त्याला कविराज म्हणत. थोडं कौतुकाने, बरंचसं टोमण्याने.

त्याची एक पद्धत होती. भाषणातलं मुख्य वाक्य वर पाठवण्याआधी तो ते ताईला फोनवर वाचून दाखवायचा. ताई डोंगरापलीकडच्या वस्तीत राहायची. वाक्य पटलं की ती "हं" म्हणायची. नाही पटलं तर, "काय रे हे, घासात खडा आल्यासारखं!" मग तो ते बदलायचा.

त्या वर्षी नवं धोरण आलं. जिथे ग्राहक कमी आणि तोटा जास्त, तिथले तारेचे फोन बंद करायची मुभा कंपन्यांना द्यायची होती.

"'बंद' हा शब्द कुठे दिसता कामा नये," साहेब म्हणाले. "लोकांना काहीतरी मिळतंय असं वाटू दे, कविराज."

त्याने ताईला फोन लावला. "ऐक हं. आजवर माणूस तारेला बांधलेला होता. आता आम्ही त्याला मोकळं करतोय."

"हं. झकास!" ताई म्हणाली. "पण म्हणजे नक्की काय करणार रे?"

"अगं, जुनं जाणार, नवं येणार."

नवं कधी येणार, हे धोरणात नव्हतं. त्याला ते ठाऊक होतं. ताईची वस्ती तोट्याच्या भागात मोडते, हेही ठाऊक होतं. पण वाक्य जमलं होतं.

सभागृहात त्या वाक्याला टाळ्या पडल्या. त्याने घरी जाऊन ते भाषण पुन्हा पाहिलं.

पुढे तो ताईकडे गेला, तेव्हा तिच्या कोनाड्यात फोन नव्हता. मोबाइलला रेंज यायची ती फक्त पाण्याच्या टाकीजवळ.

"परवा यांचा श्वास अडकला," ताई सांगत होती. "मी टाकीपर्यंत धावले. डॉक्टर येईतो ओठ निळे पडले होते."

भावोजी खाटेवर उशीला टेकून बसले होते. "आम्ही मोकळे झालो बाबा," ते म्हणाले. "फोन नाही, कटकट नाही." ते हसले. हसता हसता खोकल्याची उबळ आली.

"कुणी हरकत नाही घेतली?" त्याने विचारलं.

"कंपनीची माणसं आली होती ना विचारायला. वस्तीतले सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी म्हटलं, ते मोकळं करायचं भाषण माझ्या भावाने लिहिलंय. तो आपल्या वाइटावर असेल का?" तिने पदर सारखा केला. "तू चांगलंच लिहिलंस रे. त्यांनी भलताच अर्थ लावला. आता तक्रार लिहून दे."

त्याने लिहिलं. आमचा फोन काढून नेला. इथे माणसं आजारी पडतात. फोन परत द्या. मग वाचून दाखवलं.

"हं," ताई म्हणाली. तिने कागद त्याच्याकडे सरकवला. "आधी तू सही कर. खात्यातला माणूस म्हटल्यावर वजन पडेल."

पेन त्याच्या हातातच होतं.

"ताई, मला... म्हणजे नोकरीत असताना असं आपल्याच..."

वाक्य पुरं झालं नाही. भावोजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

 ताईने त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि जपून, एकेक अक्षर काढत, सही केली.

"मी विचारलं होतं तुला," ती म्हणाली. "नक्की काय करणार म्हणून."

तिने कागदाची घडी घातली.

"ऊठ आता. गाडी चुकेल तुझी."